किशननानांची पारख

किशननाना घड्याळ आधी हुंगायचे, मग बघायचे. कुणी सोनेरी मनगटी घड्याळ समोर धरलं की धोतराच्या सोग्यानं खसाखसा घासायचे, डोळे मिटून नाकाशी न्यायचे आणि परत देत म्हणायचे, "पितळ. घासलं की वास मारतं. सोनं वास मारत नाय."

नाना औरंगाबादेतले आमचे शेजारी, तहसिलीतून रिटायर झालेले कारकून. घड्याळाच्या धंद्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ कायम सव्वातीन दाखवायचं. पण निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर जहागिरदारांच्या हवेल्यांतलं सामान बाजारात आलं आणि ज्याच्या त्याच्या मनगटावर 'खास दरबारातलं' सोन्याचं घड्याळ दिसू लागलं. त्यातलं असली कुठलं, नकली कुठलं, हे सांगायचं काम नानांनी अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं. तरी लोक यायचे आणि तोंड पाडून जायचे. सिल्लोडच्या एका लग्नात तर नानांनी भर मांडवात नवरदेवाचं घड्याळ हुंगलं. ते देणारे सासरे जेवायलाच बसले नाहीत. नाना पोटभर जेवले. वर म्हणाले, "खऱ्याला काय भ्यायचं?"

एकदा कन्नड तालुक्यातल्या सोनाबाई दिराला घेऊन आल्या. नवरा वारून वर्ष झालं होतं. त्यानं ॲक्शननंतर चांगली बैलजोडी देऊन एक घड्याळ घेतलं होतं. 'येड्यानं बैलं घालवून पितळ आणलं,' असं घरदार त्याला मरेपर्यंत हिणवत होतं.

"इकायचं नाय मला," बाई म्हणाल्या. "ते फसले व्हते का, एवढंच सांगा."

नानांनी घड्याळ हातात घेतलं. घासलं नाही, हुंगलं नाही. बाईंकडंच बघत राहिले.

"असली हाय," म्हणाले.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आठ दिवसांनी तोच दीर तणतणत आला, मागून सोनाबाई. त्यानं सराफ्यात कसोटी लावली होती. निव्वळ पितळ निघालं होतं. गल्ली गोळा झाली.

"लई मोठे पारखी! काय कळतंय तुम्हाला?"

आता नाना याला सोलून काढणार, असं मला वाटलं. नानांनी चक्क हात जोडले.

"चुकलो, पाटील. इतकी वर्षं घड्याळं बघतोय, तरी फसलो. काम लई बेमालूम हाय. मी फसलो, तिथं तुमच्या भावाला काय बोल लावायचा?"

सोनाबाईंनी दिराच्या हातातून घड्याळ घेतलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि ताठ मानेनं एसटी स्टँडकडं चालू लागल्या.

त्यानंतर नानांकडं कुणी घड्याळ आणलं नाही. ते ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची मनगटं नुसती बघत राहायचे. शेवटी एक दिवस मी विचारलंच, "नाना, ते पितळ तुम्हाला खरंच ओळखू आलं नाही?"

नाना केवढे चिडले! "बाई अंगणात पाय ठेवत व्हती, तवाच दिसलं. आंधळा हाय का मी?"

मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पण कुठं बोलू नका. कन्नडला कळंल."