पहारेकरी कुठं होता?

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात बुवा रंगात आले होते. बंदिखान्याची कुलपं आपोआप गळाली, पहाऱ्यावरचे शिपाई झोपी गेले आणि वसुदेव बाळाला घेऊन निघाला. बाया पदरानं डोळे टिपत होत्या. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले हैबतीनाना उभे राहिले आणि त्यांनी बुवांना विचारलं, सकाळ झाल्यावर त्या शिपायांचं काय झालं? बुवा म्हणाले, नाना, ती देवाची माया होती. नाना बसले नाहीत.

"माया देवाची व्हती, पर चाकरी कंसाची व्हती. त्यांच्या लेकराबाळांचं काय झालं ते सांगा, मंग म्होरं जावा."

बुवांना पुढं जाता येईना. शेवटी टाळकऱ्यांनी गजर सुरू करून वेळ मारून नेली.

बीडात माझ्या शेजारच्या खोलीत हैबतीनाना एकटेच राहत. निम्मी हयात त्यांनी आष्टीकडच्या एका जहागीरदाराच्या गढीवर पहारा करण्यात घालवली होती. आता राखायला काही उरलं नव्हतं, तरी हातातली काठी सुटली नव्हती. बाहेर पडताना स्वतःचं कुलूप तीनदा हिसकून बघत, मग माझंही बघत. मी सरकारी शाळेत मास्तर. माझ्या खोलीतून नेण्यासारखं काही असेल तर ते मीच. पण हे नानांना पटवणं कठीण होतं. गोष्ट कुठलीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला: आन् पहारेकरी कुठं होता? शेजारणीचं दूध मांजरानं लाटलं, तेव्हाही त्यांनी आधी हेच विचारलं होतं.

त्या हिवाळ्यात नदीकाठच्या पटांगणात सिनेमाचा तंबू आला. निजामाच्या राज्यात आमच्यासारख्या गावाला हे नवल अजून नवंच होतं. पडद्यावरची माणसं तेव्हा बोलत नसत. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. आमच्याकडे वाचता येणारे थोडे, म्हणून तंबूच्या मालकानं मला पडद्याशेजारी उभं केलं. पाटी आली की ती मी आमच्या बोलीत मोठ्यानं सांगायची. तीस मुलांच्या वर्गात माझं कुणी ऐकत नसे. इथं सगळा तंबू ऐकायचा. मला ते काम फारच आवडलं, कशाला खोटं बोलू?

खेळ चोरीचा होता. नट नामांकित, त्याच्या उड्यांसाठी माणसं आसपासच्या खेड्यांतून येत. गावानं त्याचं नावच उडीवाला पाडलं. उडीवाला दोराला लटकून किल्ल्याच्या तटावर चढतो, कोपऱ्यातल्या मिशाळ पहारेकऱ्याला लाथ घालून खाली ढकलतो, राजाचा खजिना पळवतो, गरिबांत वाटतो आणि शेवटी राजकन्येला घोड्यावर घेऊन जातो. लाथ बसली की तंबूत शिट्ट्यांचा कल्लोळ उठे. गावातल्या वकीलसाहेबांचं मत पडलं की असा नट पुन्हा होणे नाही. तालमीतली पोरं तर उडीवाल्यासारखा फेटा बांधून हिंडू लागली आणि त्यातल्या दोघांनी पाय मोडून घेतले.

विरोधी मत एकच होतं. पहिल्याच दिवशी उडीवाला तटावर हात टाकतोय तोच हैबतीनाना पुढच्या रांगेतून गरजले, "हुश्शाऽर!" गढीवरची ती हाळी. पडद्यावरच्या पहारेकऱ्याला ती ऐकू जाण्याचं कारण नव्हतं. तो पडला, सगळा तंबू खो खो हसला आणि नानांनी मागं वळून विचारलं, कामून हसता रं? माणूस पडलाय तिथं.

नाना दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. रोज हाळी, रोज हशा. खेळ संपला की मालकाला गाठून ते दोष सांगत: पहारेकऱ्याची पाठ बाहेरच्या बाजूला कशी? भाला हातात धरायचा सोडून भिंतीला टेकवलेला कसा? आणि पडल्यावर तो माणूस पुन्हा दिसत कसा नाही? यंत्र उलटं फिरवून तेवढा भाग दाखव, असंही एकदा म्हणाले. मालक बिचारा हात जोडून सांगायचा, नाना, पुढं त्याचं काही चित्रच नाही. अखेर त्यानं मलाच बजावलं की तुमच्या शेजाऱ्याला आवरा, नाहीतर उद्यापासून आत सोडणार नाही.

त्याच आठवड्यात माझ्या हातून एक शहाणपण घडलं होतं. खेळावर मी परीक्षण लिहून पुण्याच्या एका साप्ताहिकाला धाडलं होतं आणि ते छापून आलं. उडीवाल्याची चपळाई, त्याचे डोळे, घोडदौड, सगळ्याची मी पोटभर तारीफ केली होती. गावभर वाचून दाखवून झाल्यावर नानांनाही दाखवलं. आवरण्याचा विषय त्यातूनच काढावा, असा माझा बेत होता. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"लई ग्वाड लिवलंय, मास्तर. पर ह्यात बी त्यो न्हाई."

मी जरा चिडूनच म्हणालो की नाना, तो भाड्याचा नट आहे, पडला आणि उठून घरी जेवायला गेला. नानांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग त्यांनी मला म्हसूची गोष्ट सांगितली.

म्हसू बीडजवळच्या पाली गावचा. गढीवर नानांचा जोडीदार. नाना दरवाजावर, म्हसू मागच्या तटावर. एके दिवशी नानांच्या लेकीचं बारसं होतं. रजा मिळेना, म्हणून नाना म्हसूला दोन्हीकडे नजर ठेवायला सांगून दिवेलागणीला गुपचूप घरी गेले. नेमकी त्याच वेळी चोरी झाली. चोरांनी म्हसूला तटावरून ढकललं. त्याची कंबर मोडली. जहागीरदाराची माणसं म्हणाली, हा चोरांना सामील आहे, आणि त्यांनी त्याला तसाच कोठडीत टाकला. तिसऱ्या दिवशी तो मेला. दरवाजा मोकळा होता हे म्हसूनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. नानांनीही सांगितलं नाही. पुढं त्या चोरांच्या म्होरक्याची गाणी झाली. गरिबांचा वाली म्हणून जत्रेत लोक ती म्हणत आणि नाना तिथंच उभे राहून ऐकत.

म्हसूची बायको गयाबाई पालीत एकटी राहायची. दर सोमवारी नाना चालत जाऊन तिची लाकडं फोडून देत, पाणी भरत आणि परत येत. त्या संध्याकाळचं बोलायचं म्हणून जात, पण इतक्या वर्षांत बोलणं झालं नव्हतं. ज्या लेकीचं बारसं, ती पुढं तापानं गेली होती.

मला माझ्या परीक्षणाची लाज वाटली. आवरण्याचा विषय मी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाना पुढच्या रांगेत होते. पहारेकरी पडला. पुढची पाटी आली, "चोर खजिना घेऊन निसटला" एवढीच. मी ती वाचली आणि थांबलो नाही. म्हणालो, "पहारेकरी शुद्धीवर आला. राजानं सांगितलं, ह्याचा काही गुन्हा नाही. ह्याला घरी जाऊ द्या."

कुणी हरकत घेतली नाही. मालकानं माझ्याकडे बघितलं आणि तो दुसरीकडे बघू लागला. खेळ संपल्यावर नाना माझ्याजवळ आले.

"मला अक्षर येत न्हाई, मास्तर, पर नजर हाय. पाटी गेली तरी तुमी बोलतच व्हता."

नानांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"उद्या बी तसंच वाचा. गयाबाईला आनतो."

गयाबाई आली. वाळलेली, कमरेत वाकलेली बाई. नानांनी तिला पुढं बसवलं आणि स्वतः तिच्या बाजूला उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी हाळी दिली नाही. पहारेकरी पडला तसा तिनं पदर तोंडाला लावला. मी पाटी वाचली, त्यापुढचंही वाचलं. तिला कमी ऐकू येत असावं. काय म्हनले, असं तिनं नानांना विचारलं. नाना तिच्या कानाशी वाकले, पण त्यांचा आवाज पहाऱ्यावरचा, तो मला पडद्यापाशी ऐकू आला.

"उठला म्हनं. त्याचा गुन्हा न्हाई म्हनं. गुन्हा दुसऱ्या पहारेकऱ्याचा. त्यो जागंवर न्हवता."

हे शेवटचं मी वाचलेलं नव्हतं.

गयाबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्याच्या लेकीचं बारसं व्हतं. कुंची मीच शिवून धाडलीती."

पडद्यावर उडीवाल्यानं घोड्यावर झेप घेतली आणि तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या. नाना खाली बसले. काठी त्यांनी जमिनीवर ठेवली. पुढची पाटी येऊन गेली, ती वाचायची माझी राहूनच गेली.