नवशीच्या दारावरचे चार आकडे

सन २०१७ च्या ग्राहक सुरक्षा सप्ताहात आमच्या बँकेच्या कासा शाखेला चाळीस घोषवाक्यं रंगवायचं उद्दिष्ट आलं. एकोणचाळीस झाली. चाळिसाव्यासाठी मला विवळवेढ्याजवळच्या एका पाड्यात, रस्त्याकडे तोंड करून असलेलं ऐसपैस दार सापडलं. जनगणनेपासून फवारणीपर्यंत सगळ्या खात्यांनी त्यावर आकडे लिहून ठेवले होते. तो पसारा मी खरवडून काढला, निळा रंग मारला आणि ठळक अक्षरांत लिहिलं : ‘आपला पिन कुणालाही सांगू नका.’ फोटो वर पाठवला. शाबासकी आली.

सोमवारी दाराची मालकीण शाखेत हजर. नाव नवशी, चिकूच्या वाडीत मजुरी करते.

“साहेब, तुमी माझा पिन पुसला.”

फवारणीचा आकडा आणि संडासाचा आकडा यांच्या मधोमध तिनं म्हणे आपला पिन लिहून घेतला होता. दोन वर्षं अख्खा पाडा येता-जाता बघत होता, कुणाला संशय नाही. सरकारी आकडा वाचतो कोण?

“अहो बाई, पाठ का नाही केला?”

“दारावर हाय, तर पाठ कशाला करू?”

शुक्रवारी तिच्या मुलीच्या, निलमच्या, नर्सिंग प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख होती. पैसे खात्यात होते. नवा पिन टपालानं येणार, पंधरा दिवसांनी. मी म्हटलं, अंगठा लावा आणि पैसे न्या, बँक काय तुमचे पैसे खायला बसलीय? पण तीस पावसाळे भात लावून अंगठ्याच्या रेषाच गेलेल्या. मशीन तिला ओळखेना. मग नियमाप्रमाणे पत्त्याची पडताळणी आली. बुधवारी मी जातीनं गेलो. दारावर घर क्रमांक नव्हता, नुसतं आमचं घोषवाक्य होतं. मी प्रामाणिक माणूस आहे. ‘सदर घर आढळून आले नाही’ हा अहवाल मी तिच्याच ओट्यावर बसून, तिनंच दिलेला चहा पीत लिहिला.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. स्पीकरवर गोड आवाज : “बँकेतून बोलतोय, मॅडम. तुमचं कार्ड बंद पडलंय. पिन सांगा, लगेच चालू करून देतो.”

“बरं झालं रे बाबा, फोन केलास! तोच तर शोधतेय. तुझ्याकडं लिवलेला हाय का? बघ ना जरा, पोरीची फी भरायची हाय.”

मग तो म्हणाला, “तुम्ही बँकेत जा, मॅडम.”

“बँक इथंच बसलीय. चहा पितेय.”

फोन कट झाला.

शुक्रवारी निलमची जागा गेली. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण ‘फसवणुकीचा एक प्रयत्न हाणून पाडला’ असं अहवालात लिहिल्यावर बरंच कमी झालं. शाखेला ढाल मिळाली. समारंभात नवशीला नारळ दिला.

“तुमच्यापरीस तो चोर बरा,” ती माइकवरच म्हणाली, “त्यानं नाही म्हणायला फोन तरी केला.”

हसताय? हसा, हसा. पण पाकिटात कार्डामागे खोचलेली ती चार आकड्यांची चिठ्ठी तुमचीच ना? यंदा आम्हाला ऐंशीचं उद्दिष्ट आहे. मी ब्रश घेऊन निघालोय.