हवालदाराच्या नाकातली काडी

अकरा वर्षांत आपल्या हातून एकही नमुना बदललेला नाही, हे ती प्रयोगशाळेत इतक्यांदा सांगायची की बाकीच्यांना ते तोंडपाठ झालं होतं. माणसांच्या आणि कुत्र्यांच्या सर्दी-खोकल्याचे विषाणू तपासणं, हे तिचं काम. त्यामुळे घरचा कुत्रा हवालदार खोकायला लागला, तेव्हा कामावर निघता निघता तिने आईच्या हाती कापसाची काडी आणि नळी दिली.

"नाकात फिरव, नळीत घाल, बूच लाव. तासाभरात प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेऊन जाईल."

"एवढंच ना," आई म्हणाली.

हवालदार बाबांचा. बाबा गेल्यापासून आई दिवसभर बोलायची ती फक्त त्याच्याशी.

दुपारी निकाल आला आणि तिने तो दोनदा वाचला. नळीत माणसाच्या सर्दीचा विषाणू होता. नुसता चिकटलेला नाही. पेशींत शिरून त्याची जनुकं जोमाने कामाला लागलेली. माणसाचा विषाणू कुत्र्यात वाढतोय! म्हणजे हवालदाराची रवानगी विलगीकरणाच्या पिंजऱ्यात. तेरा वर्षांचा म्हातारा तिथून परत यायचा नाही. आणि आईला हे सांगणार कोण?

विभागप्रमुख बाईंना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "विषाणू राहू दे. पेशी कुणाच्या आहेत, ते पाहिलंस?"

"कुत्र्याच्याच असणार."

"बघ तर."

बघितलं. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "अगं, तुझा हवालदार माणूस आहे. त्यातून बाईमाणूस."

तिने घरी फोन लावला. "आई, काडी कुणाच्या नाकात घातलीस?"

पलीकडून एक शिंक.

"तो माझ्याकडे असा बघायला लागला, हातच होईना. म्हटलं, एका खोलीत राहतो, दोघं सारखेच खोकतो. शितावरून भाताची परीक्षा."

संध्याकाळी प्राण्यांच्या डॉक्टरांनी हवालदाराच्या घशातून चामड्याचा तुकडा काढला. बाबांच्या चपलेचा अंगठा. खोकला जागच्या जागी थांबला.

"दुसरी चप्पल कपाटात वर ठेवते," ती म्हणाली.

"राहू दे खालीच," आई म्हणाली. "मी लक्ष ठेवीन."

प्रयोगशाळेत ती आता फार बोलत नाही. नवीन कुणी आलं की बाकीचेच सांगतात, "अकरा वर्षांत हिने नमुना एकही बदलला नाही. कुत्रा बदलला, तोही एकदाच."