गाडीसर आणि चौथा गियर

गाडीसरांना वाट पाहण्याचं भय नव्हतं. निदान ते तसं सांगत तरी होते. उभा जन्म त्यांनी शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर काढला होता. क्लच सुटेपर्यंत थांबा, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा, मागचा शिव्या देऊन दमेपर्यंत थांबा, हाच त्यांचा धंदा. त्यामुळे डॉक्टरांनी प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासणीला पाठवले आणि म्हणाले, "रिपोर्टला थोडे दिवस लागतील, आमचा फोन येईल," तेव्हा गाडीसर तोऱ्यात म्हणाले, "डॉक्टर, सावकाश होऊ द्या. थांबण्यात आपला हात कोणी धरणार नाही."

घरी येऊन त्यांनी बायकोला नियम सांगितला. त्या रोगाचं नाव घरात काढायचं नाही. नाव काढलं की तो घर शोधत येतो.

"मग विचारू कसं?" बायको म्हणाली.

"विचारूच नकोस."

ते काही तिला जमण्यासारखं नव्हतं. मग ती नुसतं "त्याचं काही आलं का?" असं विचारू लागली. सकाळी चहाचा कप ठेवताना, दुपारी फोनवर, रात्री दिवा मालवताना. आणि गाडीसर दर वेळी दाढ दुखणाऱ्या माणसासारखा चेहरा करून म्हणत, "अजून नाही."

हे संभाषण एका सकाळी त्यांच्या मेव्हण्याने ऐकलं. मेव्हणा हा स्वभावाने प्रेमळ आणि अर्धवट ऐकून पूर्ण समजणारा माणूस. त्याची खात्रीच पटली की भाऊजींनी नवी गाडी नोंदवली आहे आणि शोरूमवाले ताटकळत ठेवताहेत. तो गाडीसरांच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, ताईने सांगितलं नाही, पण मला कळलंय. नवीन आलं की जुनं मला द्या. बाहेर कुणाला देऊ नका."

गाडीसर त्याच्याकडे बघतच राहिले. "जुनं? अरे, त्याची अवस्था काय आहे माहितीये तुला?"

"थोडी गळती असेल. मी करून घेईन."

गळती होतीच, तपासणीनंतर जरा जास्तच होती, पण हे मेव्हण्याला कोणी सांगितलं? गाडीसरांनी बायकोकडे जळजळीत नजर टाकली. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली, ती रडते आहे की हसते आहे ते दोघांनाही कळलं नाही.

पुढे आपलीच होणारी गाडी म्हणून मेव्हण्याने ती खाली जाऊन तपासली, काचा पुसल्या, आणि जाताजाता भाऊजींचा मोबाइल गाडीच्या स्पीकरला जोडून दिला. "आता फोन आला की गाडीच बोलेल. तुम्ही हात लावायचा नाही."

गाडीसरांना ते जोडणं नको होतं, पण काढायचं कसं ते ठाऊक नव्हतं. तशातच सकाळच्या शिकवणीला बाई आल्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना उभं केलं, बसवलं, बाकावर चढवलं. आता स्टिअरिंगपुढे बसल्या की मात्र त्या पहिलीतल्या मुलासारख्या घामेजायच्या. गतिरोधक दिसला की गाडी थांबवून त्याचा विचार करायच्या.

"सर, आज तुम्ही उशीवर का बसलात?" त्यांनी विचारलं.

"रस्ता नीट दिसतो," गाडीसर म्हणाले, आणि त्या मधोमध भोक असलेल्या फुगीर उशीवर जरा कलून बसले.

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली आणि स्पीकर खणखणला. गाडीसरांचा पाय आपोआप त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर गेला. गाडी गचकन थांबली, बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. गाडीभर एका मुलीचा मधाळ आवाज घुमला, "सर, तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे."

गाडीसरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बोला ताई. निर्धास्त बोला."

"तुमचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय."

गाडीसर तिला जे बोलले ते ऐकून बाईंनी शाळेतल्या सवयीने त्यांच्याकडे डोळे वटारले. गाडी पुन्हा सुरू झाली. भाजीवाल्यांच्या पुढे जाते न जाते तोच पुन्हा फोन, पुन्हा ब्रेक.

"अहो, त्याचं काही आलं का?" गाडी बायकोच्या आवाजात बोलली.

"अजून नाही. आणि तू सारखी फोन करू नकोस, तेवढ्यात त्यांचा आला तर?"

बाईंनी हातरुमालाने कपाळ पुसलं. "सर, मी ब्रेक न लावता गाडी थांबते आहे. ही माझी चूक, की गाडीची?"

"माझी," गाडीसर म्हणाले. त्यांच्या तोंडून असं काही बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, त्यामुळे त्या अधिकच घाबरल्या.

तिसरा फोन आला तेव्हा गाडी मोठ्या चौकाच्या ऐन मध्यावर होती. आवाज कोरडा होता. "हॉस्पिटलमधून बोलतेय. रिपोर्ट आलाय. डॉक्टरांनी आज भेटायला बोलावलंय. बरोबर घरच्या कुणाला तरी आणा."

"रिपोर्टात काय आहे?"

"ते फोनवर सांगता येत नाही." आणि फोन बंद.

गाडीसरांचा पाय ब्रेकवर होता तो तिथेच राहिला. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. एक टेम्पोवाला मान बाहेर काढून त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. एरवी गाडीसरांनी त्याला आठवी पिढीही ऐकवली असती. आता त्यांना फक्त एवढंच ऐकू येत होतं, की कुणाला तरी बरोबर आणा. चांगल्या बातमीला कोण सोबत मागतं?

"सर," बाई म्हणाल्या, "कुठलं हॉस्पिटल?"

"बाई, तुम्ही उतरा. मी नेतो गाडी."

"तुमचे हात बघा."

गाडीसरांनी हात बघितले. मांडीवर ठेवलेले ते हात कुणी दुसऱ्यानेच आणून ठेवल्यासारखे थरथरत होते.

"पण तुम्ही अजून तिसऱ्या गियरपर्यंतच शिकलाय."

"मग आज चौथा शिकवा," बाई म्हणाल्या. "आणि तो पाय आधी काढा."

पाय निघाला. गाडी निघाली. "आलंय. फाटकाशी ये," एवढंच गाडीसरांनी बायकोला फोनवर सांगितलं. वाटेत घराच्या फाटकाशी ती उभी होती, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्या पायात गाडीसरांची. ती मागे बसली. गाडीसर मधूनमधून फक्त "क्लच", "आता चौथा", "सोडा" एवढंच म्हणत होते, आणि बाई निमूटपणे ते करत होत्या.

मग मागून बायको म्हणाली, "कॅन्सर असला तर असला. बघून घेऊ."

बाईंनी करकचून ब्रेक लावला. या वेळी तो खरोखर त्यांनीच लावला होता. मागे वळून त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग गाडीसरांकडे. "असं होय," त्या एवढंच म्हणाल्या, आणि गाडी चालू करून एक गतिरोधक विचार न करता ओलांडला.

हॉस्पिटलच्या दारात त्यांनी दोघांना उतरवलं. "तुम्ही जा. मी गाडी लावून येते."

डॉक्टरांच्या खोलीत बायकोने गाडीसरांचं मनगट घट्ट धरलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. दोष आहे, पण अगदी थोडा आहे आणि गोगलगायीच्या चालीचा आहे. आज ऑपरेशन नको, किरण नकोत. लक्ष ठेवायचं, काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. पुष्कळांना पुढेही काही करावं लागत नाही.

"मग कुणाला तरी बरोबर आणा असं का सांगितलंत?" गाडीसरांचा आवाज चिरका झाला होता.

"पुरुष एकटे आले की नुसती मान हलवतात, आणि घरी जाऊन काही सांगत नाहीत."

बायकोने जोरात मान डोलावली.

"आणि तोवर मी काय करायचं?"

"काही नाही. वाट पाहायची."

बायको आधी हसली, मग हसताहसता रडली, मग डॉक्टरांच्याच टेबलावरचा कागदी रुमाल घेऊन नाक पुसू लागली. गाडीसर तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. बराच वेळ त्यांना उठावंसं वाटेना.

शेवटी दोघं बाहेर आले. गाडी रुग्णवाहिकांच्या फाटकाला कडी घातल्यासारखी आडवी उभी होती. पुढे भिंत, मागे खांब, आणि रिव्हर्स अजून शिकवायचा होता. बाई आत ताठ बसून राहिल्या होत्या. खिडकीपाशी रखवालदार कपाळ धरून उभा होता, मागे दोन रुग्णवाहिका खोळंबल्या होत्या.

"बाईंना गाडी शिकवली कोणी?" रखवालदाराने चिडून सगळ्या गर्दीला विचारलं.

गाडीच्या टपावर भलामोठा फलक होता. त्यावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव, आणि नावाशेजारी स्टिअरिंग धरून हसणाऱ्या गाडीसरांचा फोटो.

गाडीसर फोटोकडे पाठ करून उभे राहिले. "कुणास ठाऊक," ते म्हणाले. "हल्ली कोणीही उठतो आणि शिकवायला लागतो."