अंगाच्या रंगाची पेन्सिल

रंगीत पेन्सिलींचे मूल्यमापन करण्यासाठी शिक्षण कार्यालयात जी समिती नेमली गेली, तिचे काम सुरुवातीला अगदी सुरळीत चालले होते. लाल पेन्सिल लाल निघाली. हिरवी हिरवी निघाली. पिवळी कागदावर जरा लाजली, पण अध्यक्षांनी तो तिचा स्वभाव मानून तिला उत्तीर्ण केले. जांभळीचे टोक मोडले तेव्हा समितीने चहा घेतला. मग डबीतून ‘अंगाचा रंग’ असे सोनेरी अक्षरांत छापलेली पेन्सिल बाहेर आली आणि सगळे खुर्चीत सावरून बसले.

ती फिकट गुलाबी होती. धुऊनपुसून ठेवलेल्या बाहुलीसारखी. समिती खरे तर हिच्याचसाठी बसली होती. बालचित्र प्रदर्शनासाठी एका मुलीने आपल्या आईचे चित्र पाठवले होते आणि आईचा चेहरा तपकिरी रंगवला होता. ‘डबीत अंगाचा रंग उपलब्ध असताना अन्य रंगाचा विनापरवाना वापर’ असा शेरा मारून चित्र बाजूला काढण्यात आले. मुलगी रुसली, जेवेना. चित्रकलेच्या बाई भांडायला आल्या. प्रदर्शन उद्यावर आलेले. त्यात चित्रातली आई याच कार्यालयात टंकलेखिका होती आणि बैठकीतले बोलणे टिपून घ्यायला समोरच बसली होती.

“तपासणी शास्त्रीय झाली पाहिजे,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पेन्सिलीने कागदावर एक पट्टा रंगवला आणि शेजारी आपला हात ठेवला.

सगळ्यांनी एकदा पट्ट्याकडे पाहिले, एकदा हाताकडे.

“ही ट्यूबलाइट जुनी झालीय,” उपाध्यक्ष म्हणाले.

खिडकी उघडण्यात आली.

“आता ऊन जास्त होतंय.”

“मी मुळात गोराच हो,” अध्यक्ष म्हणाले. “लहानपणी शेजारणी मला मुद्दाम बघायला यायच्या. दौरे करून करून रापलो.”

“दिसतंच की साहेब! आमच्याकडेही सगळे उजळ. मीच तेवढा आजोळावर गेलो.”

“लिहून घ्या,” अध्यक्षांनी टंकलेखिकेला सांगितले. “हात तात्पुरता सदोष.”

“एकच हात, की दोन्ही?” तिने विचारले.

चित्रकलेच्या बाईंना राहवेना. “अहो, हाताचा काय दोष? पेन्सिलीचं नाव बदला. फिकट गुलाबी म्हणा. आणि त्या पोरीच्या आईला सरळ सावळी म्हणा!”

अध्यक्ष भाविक गृहस्थ होते. देवाच्या गाण्यात ‘सावळा’ शब्द आला की त्यांचे डोळे भरून येत. पण तो कार्यालयीन कागदावर? “बाई, जपून बोला,” ते म्हणाले. “समोर बसल्यात त्या. आणि पेन्सिलीवरचं नाव छापील आहे. छापलंय म्हणजे कुणीतरी विचार करूनच छापलं असणार. अंग काय, कुणीही घेऊन येतं.”

एवढ्यात त्यांना काहीतरी सुचले. त्यांनी मनगटावरचे घड्याळ सोडले. पट्ट्याखालची कातडी बाकीच्या हातापेक्षा किंचित फिकी होती. “बघा! हा माझा खरा रंग!”

उपाध्यक्षांकडे घड्याळ नव्हते. ते सदऱ्याची बटणे सोडू लागले, तशा बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

ठराव झाला : ‘घड्याळाच्या पट्ट्याखालचा रंग हाच अंगाचा रंग समजण्यात यावा. उर्वरित अंग हे हवामानाने झालेले नुकसान मानावे.’

“आणि चित्र?” बाईंनी भिंतीलाच विचारले.

“पोरीचं मन मोडायचं नाही,” अध्यक्ष विरघळून म्हणाले. “लावू या. फक्त खाली लिहा, आई, कंसात सावलीत.”

मुलीला बाहेरच्या बाकावरून आत बोलावण्यात आले. तिने ऐकून घेतले. “पण आई उन्हात उभी आहे. हा काय वर सूर्य!”

“सूर्य खोड बाळ. पिवळा तसाही फिकाच आहे.”

मुलीने आईकडे पाहिले. आई मान खाली घालून लिहीत होती. “खोड गं,” ती म्हणाली. “उद्या प्रदर्शन आहे.”

चित्र लागले. मोठमोठे पाहुणे त्याच्यापुढे थांबून म्हणाले, “वा! काय सावली काढलीय पोरीने!” टंकलेखिकाही आली. सगळे साहेबलोक येणार म्हणून ती नीटनेटकी आवरून, चेहऱ्यावर दाट पावडर लावून आली होती. मुलीने एकदा चित्राकडे पाहिले, एकदा तिच्याकडे.

“आई, तू आज पेन्सिलीसारखी का झालीस?”

आईने रुमाल काढला आणि गाल खसाखसा पुसला.

“हां,” मुलगी म्हणाली. “आता जमली.”

वाचकहो, समितीला आपण मनसोक्त हसलात, आनंद आहे. आता आपल्या मनगटावरचे ते घड्याळ पुन्हा बांधायला हरकत नाही.