मशीनची रजई

ज्या वर्षी कुर्बानचाचांच्या गुलफामचा निकाह झाला, ते वर्ष २०१५. आदल्या हंगामात पावसानं दगा दिला होता. कापूस निम्माच आला, आणि जो आला त्याला कोणी विचारत नव्हतं. रजया भरणाऱ्या कुर्बानचाचांच्या घरात मात्र त्यामुळे कापसाच्या गाठोड्यांचा ढीग लागला होता. आणि हाताशी कापूस असला, की चाचांना काहीही सुचायचं!

नवरदेव जुनेद अकोल्याचा, नोकरीला शारजात. मालकानं त्याची सुट्टी ऐनवेळी रद्द केली. इकडे वलगावात पत्रिका वाटून झालेल्या, बोकड दारात बांधलेले! शेवटी ठरलं, की नवरदेव टीव्हीच्या पडद्यावरून ‘कबूल’ म्हणेल. काझीसाहेब आधी तयारच होईनात. मग एका अटीवर राजी झाले.

“गवाहांना लडक्याचा आवाज साफ ऐकू आला पाहिजे. साफ! नाहीतर निकाह होणार नाही, मी उठून जाईन.”

पेच नेमका इथंच होता. चाचांचा मुलगा इमरान गावात केबलवरून इंटरनेट द्यायचा. सगळ्या गावाच्या तारा ज्या मशीनमध्ये येऊन मिळत, ती लोखंडी पेटी चाचांच्या बैठकीतच होती. ती गार राहावी म्हणून तिच्या पोटात पंखे होते. ते असे घोंघावत, की नवीन पाहुणा पाणी प्यायच्या आधी विचारी, “पिठाची गिरणी टाकली का घरात?”

“लग्नापुरती बंद करून टाक तिले,” चाचा म्हणाले.

“अब्बा, बंद केली तर दुल्हा कुठून दिसन? तिच्यातूनच तर येऊन राहिला तो!”

“मग आवाज दाबाचं काम माह्यावर सोड. अरे, शिलाई मशीनखाली माही गादी टाकली, तं बाजूच्या लेकराले झोप लागली होती. कापसापुढं कोनताच आवाज टिकत नाही!”

इमरान वऱ्हाडी मंडळींना आणायला अकोल्याला गेला, आणि चाचांनी सुई हातात घेतली. लाल साटीनचं कापड, लग्नाचं घर म्हणून जरीची किनार! पेटीच्या अंगाबरोबर रजई बेतली. पेटीला दोन्ही बाजूंनी भोकं होती. आवाज तिथूनच येत होता, म्हणून तिथं दुप्पट कापूस ठासला. वऱ्हाडात मे महिन्यात माणूस अंगातली बनियनसुद्धा काढून टाकतो, आणि चाचांनी मशीनला रजई घातली!

आवाज बसला! अगदी मांजर घुरघुरल्याइतका राहिला. चाचांनी मिशीवरून हात फिरवला.

निकाहाच्या दिवशी दुपारी बायको कुलसुमबीनं रजईला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

“अजी, हिले ताप भरला व माय!”

“भरू दे. आतून घाम फुटला का उतरते.”

“मशीनले घाम फुटते काय?”

“तू बिर्याणीकडं पाह्य!”

पण थोड्या वेळानं रजईच्या आतून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. मग तो वाढला. बाहेर इमरानसोबत मंडळी उतरू लागली होती. चाचांनी कोपऱ्यातली डबल बेडची रजई उचलली आणि तीही पेटीवर टाकली. शिवाय वरून लोड ठेवला. आवाज बंद!

बैठक गच्च भरली. पडद्यावर जुनेद शेरवानी घालून बसला होता. बायकांच्या पडद्याआड गुलफामचा होकार घेऊन झाला. काझीसाहेब टीव्हीकडे वळले. बैठकीत इतकी शांतता, की काझीसाहेबांनी स्वतःहून विचारलं, “ती गिरणी कुठं गेली?”

“माह्या कापसानं गिळली!” चाचा छाती फुगवून म्हणाले.

काझीसाहेबांनी मुलीचं नाव घेतलं, मेहर सांगितला आणि विचारलं, “कबूल है?”

जुनेदनं तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं!

सगळे वाट पाहत बसले. जुनेद हलेना, पापणी लवेना.

“बोलत काहून नाही हा?” मागून कोणीतरी कुजबुजलं.

“इचार करून राहिला वाट्टे.”

“आता इचार? बोकड कापल्यावर?”

जुनेदची आई अनीसाबी ताडकन उठली. “माझ्या पोराला झटका आला! तोंड वाकडं झालं त्याचं!”

पडद्याआडून गुलफामचं रडणं ऐकू आलं. “अम्मा, तो नाही म्हणून राहिला का?”

पोरीला हळद लागलेली, सारा गाव दारात, आणि जावई तोंड उघडून गप्प! काझीसाहेबांनी चष्मा खिशात घातला. त्यांची चप्पल कुठं आहे, हेही त्यांनी विचारलं.

तेवढ्यात इमराननं नाक वर केलं.

“अब्बा, हे काय जळून राहिलं?”

त्यानं लोड फेकला, मोठी रजई फेकली. खाली जरीच्या किनारीची लाल रजई बघून तो जागेवरच बसला.

“अब्बा! जिवंत मशीनले कफन घातलं तुमी!”

पेटी इतकी तापली होती, की तिच्यावर भाकर फुगली असती. शेजारचे पुंजाराम धावत गेले आणि आपला कूलर दोघांच्या खांद्यावर घेऊन आले. कूलर सुरू झाला, पेटी निवली, जुनेद पुन्हा हलायला लागला.

“कबूल है?” काझीसाहेबांनी विचारलं.

जुनेदचे ओठ हलले. पण पुंजारामचा कूलर म्हणजे कापसाचा जिनिंग कारखानाच उघडला जणू!

“ऐकू नाही आलं!” दोन्ही गवाह एका सुरात म्हणाले.

कूलर बंद केला, की मशीन किंचाळायची. सुरू केला, की कूलर!

“हातपंखे आना व!” कुलसुमबी ओरडली. “अन् कोनी तोंड उघडू नका!”

मग पेटीभोवती कडं झालं. बायकांनी ओले दुपट्टे हलवले, पुंजारामनं टोपी, अनीसाबीनं परात. चाचा खुद्द लाल रजईनंच वारा घालत होते. कोणी श्वास मोठ्यानं घेईना. आणि त्या शांततेत शारजाहून आवाज आला, साफ!

“कबूल है. कबूल है. कबूल है.”

गवाहांनी माना हलवल्या. लगेच जुनेदनं घाबरून विचारलं, “पण सगळे कोणाला वारा घालून राहिले? कोण पडलं?”

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. मशीन तिथंच गेली. संध्याकाळपर्यंत सारं वलगाव चाचांच्या दारात इंटरनेट मागत होतं, आणि चाचा सगळ्यांना बिर्याणी वाढत होते.

इमराननं नवी मशीन आणली. ती आधीच्या मशीनपेक्षा मोठ्यानं ओरडायची. चाचा तिच्याकडे बघायचे, कापसाकडे बघायचे, आणि कुलसुमबी त्यांच्याकडे बघायची. पुढे ती लाल रजई शारजाला गेली. जळका डाग आतल्या अंगाला करून गुलफामची मुलगी अलीझा तिच्यात झोपायची.

चाचांना शेवटचं बैठकीत निजवलं, तेव्हा मशीन तशीच घोंघावत होती. लोकांना बरं दिसेना. पुंजाराम हळूच म्हणाले, “इमरान, घडीभर बंद कर ना बाप्पा तिले.”

“राहू दे,” कुलसुमबी म्हणाली. “तिकडून पोरगी बापाचं तोंड पाहून राहिली.”

कुर्बानचाचा २०१९च्या जानेवारीत, शुक्रवारी गेले.