खालच्या डब्यातली एकतीस मतं

मारोतराव मास्तरांनी आपल्या मतपेटीला पिवळा रंग दिला, दोन हात दिले, आणि तरी डबीत थोडा रंग उरला. पुढचं सगळं त्या उरलेल्या रंगानं केलं.

साल एकोणीसशे अडतीस. वाशीमच्या एका वॉर्डात नगरपालिकेची निवडणूक होती. निम्म्याहून अधिक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराला एक रंग मिळाला होता. चिठ्ठी सगळ्यांना सारखीच. ती ज्याच्या रंगाच्या पेटीत पडेल त्याला मत. पेट्या म्हणजे रॉकेलचे रिकामे डबे. झाकणाला दोन बोटं रुंद फट पाडून, कुलूप लावून, रंगवून उमेदवारांनीच आणून द्यायचे. सरकीचे व्यापारी हिरालाल शेठ यांना लाल रंग मिळाला, मास्तरांना पिवळा.

मास्तर मिशनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. काहीही वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. रंग वाळून जाईल म्हणून त्यांनी सभागृहातल्या दाण्याच्या डब्यालाही तो लावून टाकला.

हा दाण्याचा डबा ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांचा. दळायला ज्वारी काढली की त्यातली एक मूठ देवाच्या नावानं बाजूला ठेवायची, आठवडाभराचं साठलेलं रविवारी पदराच्या गाठीत बांधून आणायचं आणि डब्यात ओतायचं, अशी त्यांची रीत होती. त्या ज्वारीवर मिशनच्या वसतिगृहातली मुलं जेवत. शाळेचंच सभागृह रविवारी उपासनेला वापरत. तिथं एका कोपऱ्यात हा डबा जमिनीवर असे आणि त्याच्यापुढे पडदा. कुणी किती आणलं हे शेजारणीला दिसू नये म्हणून तो पडदा.

मतदानाचं केंद्र त्याच सभागृहात होतं. गुप्त मतदानासाठी आडोसा हवा होता, आणि पडदा तर तयारच होता. नगरपालिकेच्या कारकुनानं पडद्यामागे एक बाक टाकला, बाकावर लाल डबा आणि पिवळा डबा ठेवला, दोन्हींवर सरकारी मोहर मारली, आणि तो घरी गेला. बाकाखाली काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं.

मास्तरांच्या दृष्टीनं ही निवडणूक साधी नव्हती. कमिशनरसाहेबांकडून निरोप आला होता की ख्रिस्ती समाजाचा प्रतिनिधी म्हणून तुम्हाला सरकारच नेमून टाकेल, उभं राहण्याची दगदग कशाला? मास्तरांनी आभार मानून नकार कळवला आणि काँग्रेसचं तिकीट मागून घेतलं.

पाळक जगदेव यांना ते पटलं नव्हतं. "मास्तर, घरी चालून आलेली खुर्ची सोडून तुमी दारोदार काहून फिरून राह्यले?"

"पाळकसाहेब, नेमलेल्या माणसाले लोक म्हणतीन, साहेबाचा मानूस. मले शेजाऱ्याइनं पाठवलं पायजे."

"अन् नाई पाठवलं तं?"

"तं मंग तेबी समजन. समजलेलं बरं असते."

समजण्याची पूर्वतयारी म्हणून त्यांनी वहीत दोन रकाने आखले होते. 'ख्रिस्ती – ३१ – नक्की.' दुसऱ्या रकान्यात वॉर्डातले माळी, कोष्टी, तेली, मुसलमान असे सगळे, आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'माहिती नाही.' जे मोजलं नाही त्याचा आकडा मांडायची त्यांना सवय नव्हती.

हिरालाल शेठ मात्र एकतीसचा आकडा घरोघर सांगत होते. "मास्तर लाख मानूस हाये. म्या कवा नाई म्हटलं? पन थो त्याइच्या लोकाइचा. एकतीस मतं हायेत त्याइची, तेवढ्याइचाच मेंबर होईन. तुमच्या नालीवर फरशी टाकाले येईन का थो?"

हे वाक्य मास्तरांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. खोटं आहे हे सिद्ध कसं करायचं, याचा ते दोन दिवस विचार करत राहिले आणि रीत काही सापडली नाही.

मतदान रविवारी होतं. सकाळची उपासना सभागृहाऐवजी अंगणातल्या चिंचेखाली झाली. पाळकसाहेबांनी दोन्ही उमेदवारांसाठी सारख्याच लांबीची प्रार्थना केली. शेवटी ते म्हणाले, "मत हे मोठं दान हाये. देवाले आठवा अन् द्या." त्यावर सगळे "आमेन" म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले. त्या वर्षी बायकांनाही मत होतं, त्यामुळे रांगेत जितके फेटे तितकेच पदर होते, आणि ख्रिस्ती बायकांच्या पदरांना ज्वारीच्या गाठी होत्या.

सगळ्यांत पुढे रुखमाबाई. मंडळीत त्यांच्या शब्दापुढे पाळकांचाही शब्द जात नसे. चिठ्ठी घेऊन त्या पडद्यामागे गेल्या. समोर एक लाल डबा आणि दोन पिवळे. पिवळा आपला, एवढं त्यांना पाठ होतं. म्हणजे दोन्ही आपलेच. आता हातात दोन वस्तू होत्या, चिठ्ठी आणि ज्वारी. मागच्या महिन्यात खालच्या डब्याला उंदीर लागले होते, अर्धी ज्वारी नासली होती. आणि आता बाकावर, उंदरांच्या आवाक्याबाहेर, कुलूप घातलेला नवाकोरा पिवळा डबा होता. मास्तरांनी अखेर लक्ष घातलं म्हणायचं. रुखमाबाईंनी ज्वारी वरच्या डब्यात फटीतून चिमटी चिमटीनं सोडली. दाण्यात कागद मिसळला तर जात्यात जाईल, म्हणून चिठ्ठी खालच्या रिकाम्या डब्यात टाकली. मग बाहेर येऊन त्यांनी रांगेतल्या आपल्या मंडळीतल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला बजावलं.

"चिठ्ठी खालच्यात, जवारी वरच्यात. विसरू नका."

उमेदवारांना आत जायला बंदी होती. मास्तर अंगणाच्या टोकाला उभे राहून पाहत होते. आपली माणसं शिस्तीत आत जाताहेत आणि समाधानानं बाहेर येताहेत, एवढंच त्यांना दिसत होतं. शिस्तीबद्दल त्यांना अभिमानही वाटला.

संध्याकाळी पाचला मतदान संपलं. नायब तहसीलदार अमरसिंग ठाकूर यांनी दोन्ही उमेदवारांना आत बोलावलं आणि शिपायाला पेट्या आणायला सांगितलं. शिपायानं लाल पेटी एका हातानं उचलून आणली. पिवळीला हात घातला आणि तो थांबला.

"साहेब, हे उचलत नाई."

"काहून?"

"जड हाये."

हिरालाल शेठनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पेटीकडे पाहिलं. कागदाचं वजन त्यांना ठाऊक होतं. वॉर्डातल्या सगळ्या चिठ्ठ्या पडल्या तरी पावशेर भरल्या नसत्या. दोघांनी मिळून पेटी टेबलावर आणली तेव्हा ती आतून सळसळली. कुलूप काढलं, पेटी आडवी केली, आणि टेबलभर ज्वारी पसरली. मध्ये मध्ये चिठ्ठ्या.



"हे पेटी बाद करा," हिरालाल शेठ म्हणाले.

अमरसिंगांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. "कोन्त्या कलमाखाली?"

"जवारीच्या."

"जवारीचं कलम नाई, शेठ. पेटी फुटली तं हाये, कुलूप तुटलं तं हाये. दाने निंघाले तं काय करावं, हे कोनी लिहूनच नाई ठेवलं."

"मंग चिठ्ठ्या मोजा कशा? अर्ध्या दान्यात दबल्या."

दारात गर्दी जमली होती. तिच्यातून रुखमाबाई पुढे आल्या. सगळे ज्वारीकडे असे का बघताहेत हे त्यांना कळेना. "यात काय अवघड हाये जी? सूप आना."

शेजारच्या घरातून सूप आलं. अमरसिंगांनी खिडक्या बंद करवल्या, दारात शिपाई उभा केला आणि दोन्ही उमेदवारांच्या देखत सरकारी मतं पाखडायची परवानगी दिली. रुखमाबाई जमिनीवर बसल्या आणि सूप हलू लागलं. चिठ्ठ्या सुपाच्या तोंडाशी येत गेल्या, दाणे मागे राहिले.

"हलकं पुढं येते, जड मांगं राह्यते," मास्तर नकळत म्हणाले.

"शाळा सुटली, मास्तर," हिरालाल शेठ म्हणाले.

पाखडता पाखडता रुखमाबाई सहज म्हणाल्या, "यात आमच्या चिठ्ठ्या नाईत हं, साहेब. त्या खालच्या डब्यात हायेत."

"कोन्त्या खालच्या?"

शिपायानं बाकाखालून दाण्याचा डबा काढला. तोही पिवळा, सहा दिवसांपूर्वी रंगवलेला. आत चिठ्ठ्या होत्या, नीट घड्या घातलेल्या. मोजल्या. एकतीस.

 मास्तरांच्या वहीतला पहिला रकाना, 'नक्की' लिहिलेला, पुरा त्या डब्यात होता.

"रुखमाबाई, तुमाले कोनं सांगतलं असं कराले?"

"कोन सांगन? दोन पिवळे डबे. तुमीच रंगवले. एकाले कुलूप, एकाले उंदीर. मानूस जवारी कशात टाकन?"

तर्कात चूक नव्हती. चूक रंगात होती, आणि रंग त्यांचा होता.

"साहेब," हिरालाल शेठ उभे राहिले, "ज्या डब्याले सरकारी मोहर नाई, त्या डब्यातलं मत, मत नाई. असं कलम तं असन?"

असं कलम होतं. अमरसिंगांनी ते मोठ्यानं वाचलं आणि एकतीस मतं बाद केली. दारातल्या ख्रिस्ती मंडळीत कुजबुज झाली. पाळक जगदेव मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेबाकडं निरोप धाडू का? नेमनूक अजून होऊ शकते."

"नाई," मास्तर म्हणाले. "आता जे निंघन ते पाहू."

लाल पेटीतली मतं मोजली. अठ्ठेचाळीस. दिवसभरात वाटलेल्या चिठ्ठ्या एकशे एकतीस. मास्तरांनी मनात वजाबाकी केली. उत्तर पटेना, म्हणून फळ्यावर खडूनं केली. एकशे एकतिसातून अठ्ठेचाळीस गेले, एकतीस गेले. फळ्यावर बावन्न उरले. त्यांनी पुसून पुन्हा केली. इतक्या वर्षांत स्वतःच्या वजाबाकीवर त्यांचा अविश्वास बसण्याची ही पहिलीच वेळ. तोवर सूप थांबलं होतं आणि अमरसिंग शेवटची चिठ्ठी ठेवत होते.

"बावन्न. मारोतराव मास्तर, चार मतानं."

हिरालाल शेठ खाली बसले, आणि लगेच परत उठले. "साहेब, त्या एकतिसाचा इचार पुन्हा करा. गरीब मानसं दिवसभर उन्हात उभी होती. त्याइचं मत फुकट काहून जावं? त्यात माह्येबी असतीन."

"मोजू म्हन्ता?"

"मोजा."

"शेठ, डबा पिवळा हाये. मोजलं तं एकतीसच्या एकतीस मास्तरच्या नावावर जातीन. चारानं पडले ते पस्तिसानं पडसान. लिहू?"

शेठनी पिवळ्या डब्याकडे जरा वेळ पाहिलं. "राहू द्या," ते म्हणाले, आणि जोड्यात पाय घातले.

मास्तर अजून फळ्यापाशीच होते. त्यांचे बावन्न मतदार दारात उभे होते आणि त्यांतला एकही त्यांच्या उपासनेला येणारा नव्हता. "पन तुमी मले काहून मत देल्लं?" त्यांनी विचारलं. निवडून आलेल्या माणसानं असं विचारायचं नसतं, पण त्यांना खरंच कळत नव्हतं.

भाजी विकणाऱ्या गोजराबाई माळीण पुढे होत्या. "मास्तर, तुमी नाई का बजारात आमाले तराजू तपासाले शिकवलं? वजन या पारड्यातून त्या पारड्यात टाकून पाहा म्हनून? तवापासून दलाल आमच्यापाशी नीट तोलते."

"ते तं म्या सगळ्याइलेच सांगतलं."

"मंग? सगळ्याइनंच देल्लं."

मास्तरांनी वही काढली. 'माहिती नाही' वर रेघ मारून तिथं बावन्न लिहिलं. हिरालाल शेठ महिनाभर जे घरोघर सांगत होते ते खोटं ठरवायला त्यांना रीत सापडत नव्हती. रुखमाबाईंनी ती न शोधताच करून दाखवली होती. ख्रिस्त्यांचं एकही मत न मिळता ख्रिस्ती मास्तर निवडून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या ओट्यावर माळी बायका बसल्या होत्या. नाली तुंबली होती, कंदील पेटत नव्हता, विहिरीचा कठडा पडला होता. मास्तर एकेक लिहून घेत होते. तेवढ्यात रुखमाबाई आल्या आणि ओट्याखालीच थांबल्या. एरवी त्या विचारून आत जाणाऱ्यांतल्या नव्हेत.

"या ना, रुखमाबाई," मास्तर म्हणाले.

"येतो कशी? आमचं मत बाद झालं. तुमाले निवडलं याइनं. आता तुमी आमचे मेंबर हायेत का नाई, हेच समजून नाई राह्यलं."

मास्तर नियम सांगणार होते, प्रतिनिधी हा सगळ्या वॉर्डाचा असतो वगैरे. पण गोजराबाई त्यांच्याआधी बोलल्या. त्यांनी टोपली मांडीवर घेतली आणि ओट्यावर सरकून जागा केली.

"बसा, बाई. निवडला आमी हाये, पन तुमाले वापराले मनाई नाई."

रुखमाबाई जरा विचार करून वर चढल्या, बसल्या, आणि मग गोजराबाईंची तक्रार अर्धवट तोडून आपली सांगू लागल्या.